गेटिसबर्गच्या रणात आज्ञा आणि जबाबदारी

अमेरिकेतील यादवी युद्धाची झळ आपल्याकडे पोहोचली ती कापसाच्या भावातून. १८६१ साली दक्षिणेकडील गुलामगिरी टिकवू पाहणारी राज्ये संघराज्यातून फुटून निघाली, त्यांच्या बंदरांना उत्तरेच्या आरमाराने वेढा घातला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस दुर्मिळ झाला. मुंबईच्या बाजारात पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध संपले तेव्हा तो ओसरला व कित्येक पेढ्या बुडाल्या. या तेजीमंदीची कथा आपल्या परिचयाची आहे. परंतु ज्या सेनांच्या जयापजयावर ती अवलंबून होती, त्या सेना कशा बांधलेल्या होत्या, प्रत्यक्ष रणधुमाळीत त्यांची सूत्रे कशी हलत आणि सूत्रधार पडला म्हणजे काय होई, हा विषयही तितकाच मननीय आहे. त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत पेनसिल्व्हानियातील गेटिसबर्ग या लहानशा गावाभोवती झालेली लढाई, आणि तीत लढलेली उत्तरेची ‘आर्मी ऑफ द पोटोमॅक’ ही सेना.

या सेनेचा मूळ घटक म्हणजे रेजिमेंट. ती एखाद्या राज्याने उभारलेली असे व त्या राज्याच्याच नावाने ओळखली जाई. दहा कंपन्या आणि सुमारे एक हजार माणसे हे तिचे कागदावरील प्रमाण. पण दोन वर्षांच्या लढाया, आजार आणि रजा यांमुळे गेटिसबर्गला पोहोचेपर्यंत बहुतेक रेजिमेंटांत तीनशे-चारशे माणसेच उरली होती. तिचा प्रमुख कर्नल. अशा चार-पाच रेजिमेंटांची एक ब्रिगेड, दोन-तीन ब्रिगेडींची एक डिव्हिजन आणि दोन-तीन डिव्हिजनांची एक कोअर, अशी ही उतरंड होती. मीड यांच्या हाताखाली पायदळाच्या सात कोअर, घोडदळाची एक कोअर आणि स्वतंत्र राखीव तोफखाना होता. एकूण सैन्य सुमारे नव्वद हजार. समोर दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांच्याकडे सत्तर-पंचाहत्तर हजार सैन्य होते. पण त्यांच्या पायदळाच्या कोअर तीनच, आणि प्रत्येक कोअर वीस हजारांच्या घरात. म्हणजे ली यांना तीन माणसांना आज्ञा द्यावी लागे, तर उत्तरेच्या सेनापतीला सातांना.

ही उतरंड केवळ हिशेबाच्या सोयीसाठी नव्हती. त्या काळी रणांगणावर आज्ञा पोहोचे ती माणसाच्या आवाजाने, बिगुलाने, निशाणांच्या खुणांनी किंवा घोडेस्वाराच्या हातून. कॅप्टनचा आवाज कंपनीपुरता पोहोचे; त्यापलीकडे धूर आणि गोंगाट. शिपायाने नजर ठेवायची ती आपल्या रेजिमेंटच्या निशाणावर. म्हणून त्याच वर्षी जनरल हूकर यांनी प्रत्येक कोअरला टोपीवर लावण्याची वेगळी खूण दिली होती : पहिलीला वर्तुळ, अकरावीला चंद्रकोर, बाराव्या कोअरला तारा. खुणेच्या तांबड्या, पांढऱ्या किंवा निळ्या रंगावरून डिव्हिजन कळे. चुकार शिपाई कोणाचा, हे ओळखण्यासाठी निघालेली ही खूण पुढे अभिमानाचा विषय झाली.

अशा या सेनेचे आधिपत्य जनरल जॉर्ज मीड यांच्याकडे आले ते लढाईच्या केवळ तीन दिवस आधी. २८ जूनच्या पहाटे वॉशिंग्टनहून आलेल्या अधिकाऱ्याने त्यांना झोपेतून उठविले, तेव्हा आपल्याला अटक होणार की काय, अशी शंका त्यांच्या मनाला चाटून गेली. हाती पडला तो सरसेनापतिपदाचा हुकूम. त्याच्याबरोबरच्या पत्रात एक महत्त्वाचा अधिकार होता : कोणाही अधिकाऱ्यास दूर करावे आणि योग्य वाटेल त्याची नेमणूक करावी. ज्या सेनेत सेवाज्येष्ठतेवरून रुसवेफुगवे चालत आणि ज्येष्ठाने कनिष्ठाच्या हाताखाली राहणे अपमानाचे मानले जाई, त्या सेनेत या अधिकाराचे मोल मोठे होते.

त्याचा उपयोग पहिल्याच दिवशी करावा लागला. १ जुलैच्या सकाळी ब्युफर्ड यांच्या घोडदळाने गावाच्या पश्चिमेस शत्रूला थोपवून धरले होते. त्यांच्या मदतीला पहिली कोअर घेऊन जनरल रेनॉल्ड्स धावून आले आणि आपल्या पलटणींना रानात पुढे घालीत असतानाच गोळी लागून ठार झाले. कोअरची सूत्रे डबलडे यांच्याकडे व रणांगणाची सूत्रे अकराव्या कोअरचे प्रमुख हॉवर्ड यांच्याकडे गेली. दुपारनंतर दोन्ही कोअर उधळल्या गेल्या व गावातून मागे हटल्या. मिशिगनच्या चोविसाव्या रेजिमेंटची ४९६ पैकी ३६३ माणसे त्या एका दिवसात मृत, जखमी किंवा बेपत्ता झाली. तथापि हॉवर्ड यांनी गावाच्या दक्षिणेस असलेल्या सिमेटरी हिल या टेकडीवर एक डिव्हिजन आधीच राखून ठेवली होती. पळती सेना थांबली ती तेथे. दरम्यान मीड यांनी दुसऱ्या कोअरचे प्रमुख हॅनकॉक यांना पुढे धाडले होते. हॅनकॉक हे हॉवर्ड यांना सेवेत कनिष्ठ. हॉवर्ड यांना ही नेमणूक रुचली नाही. परंतु संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून टेकडीवरची फळी नीट बांधली. ज्येष्ठतेचा वाद उद्यावर टाकता येत होता, टेकडीचा प्रश्न तसा टाकता येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी उत्तरेची फळी गळाच्या आकड्याच्या आकाराची झाली. उजवीकडे कल्प्स हिल, मधल्या वळणावर सिमेटरी हिल, आणि तेथून दक्षिणेकडे सरळ उतरणाऱ्या दांड्याच्या टोकाशी लिटल राउंड टॉप. या दांड्याचे डावे टोक सांभाळण्याचे काम तिसऱ्या कोअरकडे होते. तिचे प्रमुख सिकल्स हे न्यूयॉर्कचे राजकारणी, युद्धामुळे जनरल झालेले. नेमून दिलेली जागा सखल, आणि समोर पीचच्या बागेपाशी जमीन उंच, हे पाहून त्यांनी दुपारी आपली सुमारे दहा हजारांची कोअर अर्ध्या मैलाहून अधिक पुढे नेली. मीड यांना हे कळले तेव्हा वेळ टळून गेली होती. दक्षिणेचे लाँगस्ट्रीट यांच्या तोफा धडाडू लागल्या होत्या.

या एका हालचालीचे परिणाम सबंध फळीभर पसरले. तिसऱ्या कोअरच्या दोन्ही बगला उघड्या पडल्या आणि लिटल राउंड टॉपवर निशाणांच्या खुणा करणाऱ्या काही माणसांखेरीज कोणी उरले नाही. डावी बाजू सावरण्यासाठी पाचवी कोअर धाडावी लागली, दुसऱ्या कोअरमधून पलटणी काढाव्या लागल्या, आणि अगदी दुसऱ्या टोकाच्या कल्प्स हिलवरील बाराव्या कोअरचा बहुतेक भाग तिकडून हलवावा लागला. त्या टेकडीवर उरली ती बासष्ट वर्षांच्या जॉर्ज ग्रीन यांची एकच ब्रिगेड, अवघी चौदाशेच्या आसपास माणसे. ग्रीन हे इंजिनीयर. त्यांनी सकाळीच झाडे तोडून, ओंडके व माती रचून मोर्चे बांधून घेतले होते. त्या मोर्च्यांच्या आडून त्यांच्या ब्रिगेडीने शत्रूची एक सबंध डिव्हिजन रात्रीपर्यंत रोखून धरली.

इकडे लिटल राउंड टॉपवर मीड यांचे मुख्य इंजिनीयर वॉरेन जाऊन पोहोचले. टेकडी मोकळी आणि शत्रू चालून येत आहे, हे पाहून त्यांनी मदतीसाठी स्वार दौडवले. पाचव्या कोअरच्या प्रमुखांचा निरोप घेऊन एक स्वार डिव्हिजनच्या सेनापतीला शोधीत निघाला होता. वाटेत त्याला स्ट्राँग व्हिन्सेंट हे एका ब्रिगेडीचे कर्नल भेटले. व्हिन्सेंट पेशाने वकील, वय सव्वीस. हुकूम काय आहे हे त्यांनी विचारून घेतले आणि वरिष्ठाची वाट न पाहता, स्वतःच्या जबाबदारीवर, आपल्या चार रेजिमेंटी टेकडीवर चढवल्या. डाव्या टोकाला त्यांनी मेनची विसावी रेजिमेंट ठेवली. तिचे कर्नल चेंबरलेन हे महाविद्यालयातील प्राध्यापक होते. दारूगोळा संपत आला तेव्हा त्यांच्या माणसांनी संगिनी रोखून उतारावरून हल्ला केला व टेकडी राखली. व्हिन्सेंट मात्र तेथेच प्राणांतिक जखमी झाले.

सिकल्स आणि व्हिन्सेंट या दोघांनीही त्या दुपारी आपल्या वरिष्ठाच्या हुकमाविना पाऊल उचलले. मग एकाची कृती दोषास्पद आणि दुसऱ्याची स्तुत्य का ठरावी? केवळ यशापयशावरून हा निवाडा करणे न्याय्य होणार नाही. सिकल्स यांनी स्वतःपुरती अधिक चांगली जमीन पाहिली, पण ज्या जागेच्या भरवशावर शेजारची कोअर उभी होती ती जागा सोडली, आणि शेजाऱ्याला कळविलेही नाही. व्हिन्सेंट यांनी वरिष्ठाचा हेतू जाणून घेतला, आणि तो सफल करण्यास आपण सर्वांत जवळ आहोत हे ओळखून मधली पायरी तेवढी गाळली. एकाने आज्ञेचा हेतू मोडला, दुसऱ्याने तो पुरा केला. मोठ्या संघटनेत स्वयंप्रेरणा हवी असे आपण सहज म्हणतो. तिची खरी कसोटी या भेदात आहे.

या भेदाची किंमत कोणी चुकविली, हेही पाहिले पाहिजे. त्या संध्याकाळी तिसरी कोअर मोडली, सिकल्स यांचा पाय तोफेच्या गोळ्याने गेला आणि फळीत खिंडार पडले. राखीव पलटणी येईतो काही मिनिटे मिळावीत म्हणून हॅनकॉक यांनी मिनेसोटाच्या पहिल्या रेजिमेंटला समोरच्या ब्रिगेडीवर हल्ला करण्याची आज्ञा दिली. तिची २६२ माणसे न डगमगता गेली. बहुतेक तेथेच मृत वा जखमी होऊन पडली. मिनिटे मिळाली.

त्या रात्री मीड यांनी एका लहानशा घरात आपल्या सेनाधिकाऱ्यांना बोलावले आणि लेखी प्रश्न मांडले : येथेच राहावे की मागे हटावे, हल्ला करावा की हल्ल्याची वाट पाहावी, वाट पाहायची तर किती वेळ? राहावे आणि बचावाने लढावे असा कौल पडला. सेनापतीने मत विचारणे हे दुर्बलतेचे लक्षण असे पुढे काहींनी म्हटले. परंतु पाच दिवसांपूर्वी पदावर आलेल्या माणसाला प्रत्येक कोअरमध्ये किती बळ उरले आहे, हे त्या त्या प्रमुखाच्या तोंडूनच कळणार होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रचंड तोफमाऱ्यानंतर दक्षिणेचे सुमारे साडेबारा हजार सैनिक उघड्या शेतांतून उत्तरेच्या मध्यावर चालून आले. ही पिकेट यांच्या नावाने प्रसिद्ध झालेली चढाई. पिकेट यांच्या तीन ब्रिगेड-प्रमुखांपैकी गार्नेट ठार झाले, आर्मिस्टेड प्राणांतिक जखमी झाले आणि केम्पर जबर जखमी झाले; चढाई मोडली. उत्तरेकडेही हॅनकॉक आणि त्यांचे सहकारी गिबन घायाळ झाले. पण फळी उभी राहिली. जेथे ती क्षणभर फुटली तेथील ब्रिगेडीचे प्रमुख वेब यांना ती ब्रिगेड मिळून आठवडाही झाला नव्हता.

तीन दिवसांत या सेनेने सुमारे तेवीस हजार माणसे मृत, जखमी व बेपत्ता म्हणून गमावली आणि पायदळाच्या सात कोअर-प्रमुखांपैकी तिघे रणात पडले. तरीही ती पांगली नाही, कारण प्रत्येक पायरीवर खालच्या माणसाला वरच्याचे काम उचलता आले. १८६४ च्या मार्चमध्ये पुनर्रचनेत पहिली आणि तिसरी कोअर मोडून इतर कोअरमध्ये मिसळण्यात आल्या, तेव्हा तेथील शिपायांना टोपीवरची जुनी खूण ठेवण्याची मुभा मिळाली.

सिकल्स १९१४ पर्यंत जगले आणि आपण पुढे सरलो ते योग्यच होते, असे अखेरपर्यंत प्रतिपादीत राहिले. व्हिन्सेंट यांच्यासाठी ब्रिगेडियर-जनरलच्या बढतीचा हुकूम निघाला. ७ जुलै १८६३ रोजी त्यांचे निधन झाले.