लॅपटॉपची तारीख चुकते तेव्हा: आधी किती चुकली ते पाहावं

लोणावळ्यात तुंगार्ली, वळवण, खंडाळा या बाजूला वर्षातले बरेच महिने कुलूप असलेले बंगले पुष्कळ आहेत. मालक मुंबईला नाहीतर पुण्याला, आणि इथला लॅपटॉप कपाटात. दिवाळीनंतर ठेवून दिलेला लॅपटॉप मे महिन्यात सुरू केला, की कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची दिसते. तारखेचं काय एवढं, म्हणून आपण कामाला लागतो आणि थोड्याच वेळात अडायला होतं.

पहिल्यांदा अडतं ते इंटरनेट. बँकेची साइट, ई-मेल, रेल्वेचं आरक्षण अशा प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्याला मुदत असते: या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. ब्राउझर ही मुदत आपल्या लॅपटॉपच्या तारखेशी ताडून पाहतो. लॅपटॉप २०१८ सालात असेल, तर आजचं प्रमाणपत्र त्याच्या हिशेबाने अजून लागूच झालेलं नसतं. मग 'आपलं कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना येते आणि आपण बिचाऱ्या वायफायवर संशय घेतो. होमस्टे किंवा दुकान चालवणाऱ्यांची अडचण याहून मोठी. डिजिटल सहीवर चुकीची तारीख उमटते, हिशेबाच्या नोंदी भलत्या महिन्यात जातात.

यावर बहुतेक जण एकच सल्ला देतात: "सेल गेला असेल, बदलून टाका." कधी तो बरोबरही असतो. पण सेलसाठी लॅपटॉप उघडावा लागतो, आणि अनेकदा त्याची काहीच गरज नसते. म्हणून आपण टप्प्याटप्प्याने जाऊ या. स्क्रूड्रायव्हर सगळ्यात शेवटी.

त्याआधी हे घड्याळ चालतं कसं, ते थोडक्यात. लॅपटॉपमध्ये दोन घड्याळं असतात. एक मुख्य बोर्डावरचं, जे लॅपटॉप बंद असतानाही चालू राहतं. त्याला रिअल टाइम क्लॉक म्हणतात. दुसरं विंडोजचं किंवा लिनक्सचं, जे सुरू होताना पहिल्याकडून वेळ घेतं आणि नंतर इंटरनेट मिळालं की त्यावरून स्वतःला दुरुस्त करतं. बोर्डावरच्या घड्याळात क्वार्ट्झचा बारीकसा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. तिला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो, म्हणजे नेमका एक सेकंद मोजता येतो. लॅपटॉप बंद असताना या घड्याळाला वीज लागते. ती काही लॅपटॉपांत बटणाएवढ्या वेगळ्या सेलमधून येते, तर बऱ्याच नव्या लॅपटॉपांत मुख्य बॅटरीतूनच.

आता पहिला टप्पा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तारीख लगेच दुरुस्त करू नये. आधी ती किती चुकली आहे, ते मोबाइलशेजारी धरून कागदावर लिहून घ्यावं: साल, महिना, दिवस, तास, मिनिटं. मोबाइल आपली वेळ नेटवर्कवरून घेतो, त्यामुळे या तुलनेला तो पुरेसा आहे. घाईघाईत तारीख नीट करून टाकली की दोष कुठे आहे ते सांगणारी खूणच पुसली जाते. दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आली, तर तोही पहिल्यांदा हेच विचारतो.

दिवस आणि महिना यांची नुसती अदलाबदल झाली असेल, म्हणजे ७ ऑगस्टऐवजी ८ जुलै वाटत असेल, तर घड्याळ बहुधा बरोबरच आहे. अमेरिकी पद्धतीत महिना आधी लिहितात आणि नव्या लॅपटॉपमध्ये पुष्कळदा तीच मांडणी असते. तारखेवर क्लिक करून कॅलेंडर उघडावं, महिन्याचं नाव अक्षरांत दिसेल. ते बरोबर असेल तर सेटिंग्जमध्ये 'रीजन'खाली भारताची मांडणी निवडावी. काम संपलं.

मिनिटांचे काटे जुळतात पण तास चुकतात, किंवा फरक अगदी ठरावीक आहे, तर दोष टाइम झोनचा, म्हणजे घड्याळ कोणत्या देशाच्या वेळेवर लावलं आहे त्या निवडीचा. इथे फरकाचा आकडाच उत्तर देतो. साडेपाच तास मागे असेल तर लॅपटॉप ग्रीनिचच्या वेळेवर आहे. साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे असेल तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. विंडोज नव्याने टाकल्यावर हे फार वेळा घडतं, आणि सकाळी लॅपटॉप उघडला की तारीखही एक दिवस मागची दिसते. पाऊण तासांचे झोनही यादीत असतात. बरोबर पंधरा मिनिटं पुढे असेल तर बोट चुकून काठमांडूवर पडलेलं असतं, अर्धा तास मागे असेल तर कराचीवर. विंडोजच्या यादीत आपल्याला हवी ती ओळ 'चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली' अशी असते, लिनक्समध्ये 'एशिया/कोलकाता'.

झोन आपोआप ठरवण्याची सोय चालू असेल तर ती काही दिवस बंद ठेवून पाहावी. ती लॅपटॉपच्या ठिकाणावरून अंदाज बांधते. ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे दुसऱ्या शहरातून किंवा देशातून जाणारी खासगी जोडणी, वापरताना तो अंदाज कधीकधी फसतो. शनिवार-रविवार लोणावळ्यात बसून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांना हा अनुभव येतो.

जाता जाता सांगायला हवं, की आपल्या भागाला वेळेचा हा घोळ नवा नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून. मुंबईने मात्र आपली 'बॉम्बे टाइम' त्यानंतरही कित्येक वर्षं सोडली नाही; ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे होती. लोणावळा त्या रेखांशाच्या बरंच पश्चिमेला असल्यामुळे इथे सूर्य डोक्यावर यायला घड्याळात सरासरी साडेबारा वाजून जातात. आज देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अणुघड्याळं सांभाळतात.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर साडेपाच तासांचा फरक पुन्हापुन्हा उगवतो. आज दुरुस्त केला, उद्या हजर. कारण साधं आहे. विंडोज बोर्डावरच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं आणि तिथे भारतीय वेळच असेल असं मानतं. लिनक्स तिथे ग्रीनिचची वेळ ठेवतं. दोघं एकमेकांचं लिहिलेलं वाचून चुकतात. यावर सेलचा काही उपयोग नाही. बोर्डावरचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे असं लिनक्सला एकदा सांगून ठेवावं लागतं, तशी सोय त्यात आहे.

फरक थोड्या मिनिटांचा असेल तर बहुतेक वेळा काळजीचं कारण नाही. साध्या स्फटिकाची चूक दिवसाला पावणेदोन सेकंदांपर्यंत चालते, म्हणजे महिन्याला जवळपास पन्नास. चार-पाच महिने बंद राहिलेला लॅपटॉप चार मिनिटं पुढेमागे असला तर तो निरोगी आहे. फक्त इंटरनेटवरून वेळ जुळवून घ्यावी.

ती जुळवायची कशी? विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग 'टाइम अँड लँग्वेज', मग 'डेट अँड टाइम'. वेळ आपोआप घेण्याचं बटण चालू करावं आणि 'सिंक नाऊ' दाबावं. इथे एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. घड्याळ फारच मागे असेल तर विंडोज एवढी मोठी उडी मारायला कधीकधी नकार देतं; सिंक फसलं असा संदेश येतो आणि आपण नेट तपासत बसतो. अशा वेळी ते आपोआप घेण्याचं बटण बंद करून तारीख हाताने आजची करावी, दोन-चार मिनिटं चुकली तरी चालेल, आणि मग ते बटण पुन्हा चालू करून सिंक करावं.

तरीही होत नसेल तर वायफाय बदलून पाहावं. हॉटेल-रिसॉर्टचं वायफाय आधी नाव-नंबर विचारणारं पान दाखवतं, आणि तारीख चुकलेली असली की नेमकं तेच पान उघडत नाही. ऑफिसच्या नेटवर्कवर वेळ आणणारी वाटच बंद ठेवलेली असू शकते. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून सिंक झालं तर दोष लॅपटॉपचा नव्हता हे कळतं. हॉटस्पॉटवरही नाही झालं, तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस' यादीत 'विंडोज टाइम' ही सेवा बंद पडली आहे का ते पाहून ती सुरू करावी.

आता खऱ्या सेलच्या दुखण्याकडे येऊ. त्याची खूण अशी: तारीख काही वर्षं मागे जाते, बहुधा एखाद्या सालच्या १ जानेवारीला किंवा लॅपटॉप तयार झाला त्या सुमाराच्या तारखेला, आणि प्रत्येक वेळी तिथेच परत येते. सुरू होताना काळ्या पडद्यावर घड्याळाची वीज गेल्याची किंवा सेटिंग पुसल्याची सूचनाही काही लॅपटॉप देतात.

खात्री करण्यासाठी एक चाचणी. तारीख नीट लावून लॅपटॉप पूर्ण बंद करावा. झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे. चार्जर काढून रात्रभर ठेवावा. सकाळी वायफायचा राउटर बंद ठेवून सुरू करावा, नाहीतर इंटरनेट गुपचूप वेळ दुरुस्त करेल आणि आपल्याला काहीच समजणार नाही. तारीख टिकली तर सेल ठीक आहे. गेली तर पुढचा प्रश्न: मुख्य बॅटरी पूर्ण उतरली होती का? बंगल्यात महिनोन्महिने पडलेल्या लॅपटॉपची ती उतरतेच. ज्या लॅपटॉपात वेगळा सेल नसतो, तिथे तारीख जाण्याचं हेच कारण असतं. पूर्ण चार्ज करून तीच चाचणी पुन्हा करावी. ती पार पडली, तर बदलण्यासारखं काही नाही. यापुढे कुलूप लावण्याआधी लॅपटॉप निम्म्याहून थोडा जास्त चार्ज करून पूर्ण बंद करून ठेवावा.

चाचणीत पुन्हा नापास झाला आणि आपल्या मॉडेलमध्ये वेगळा सेल असेल, तरच तो बदलायचा. सेल असतो का, कोणता आणि कुठे, हे कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ असतो: ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा. त्याची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळाने ५ मायक्रोअँपिअर ओढले, तर हिशेबाने तो पाच वर्षं पुरतो. लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर आणखी जास्त.

खरेदी करताना दोन ठिकाणी चूक होते. डेस्कटॉपमध्ये सेल नुसता खाचेत बसवलेला असतो. लॅपटॉपमध्ये तो बरेचदा प्लास्टिकच्या वेष्टनात असतो आणि त्याला लाल-काळी वायर व इवलासा कनेक्टर असतो. त्यामुळे किराणा दुकानात मिळणारा सुटा सेल आणून उपयोग नाही, आणि त्यावर घरी वायर डाग देऊन जोडायला तर जाऊच नये, उष्णतेने सेल फुटू शकतो. दुसरी चूक याहून वाईट. काही लॅपटॉपांत चार्ज होणारा सेल असतो, त्याच्या नावाची सुरुवात 'एमएल' किंवा 'व्हीएल' अशी होते. त्या जागी सीआर बसवला तर चार्ज न होणाऱ्या सेलमध्ये वीज भरली जाते, आणि तो फुगू किंवा फुटू शकतो. जुन्या सेलवरचं नाव वाचून तसाच आणावा. वायरसकट तयार सेल पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो. लोणावळ्याहून दोन्हीकडे गाडी आहेच.

उघडण्याआधी एक गोष्ट कृपा करून विसरू नये. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर सेल काढल्यानंतर लॅपटॉप ४८ अंकी रिकव्हरी किल्ली मागू शकतो. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बहुधा साठवलेली असते. ती आधीच शोधून कागदावर उतरवून ठेवावी. किल्ली नसेल तर डिस्कवरचे सगळे फोटो आणि कागदपत्रं कुलपातच राहतात. शंभरेक रुपयांच्या सेलपायी एवढा धोका पत्करू नये.

मावळातल्या पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते, मग बोर्डाचं काय सांगावं. बंद घरातून काढलेला लॅपटॉप आधी एक दिवस कोरड्या खोलीत ठेवावा. नंतर चार्जर काढावा, मागचं झाकण उघडून मुख्य बॅटरीचा कनेक्टर सोडवावा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावं आणि मगच सेलला हात लावावा. वायर ओढू नये. कनेक्टर नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही बाजूंनी थोडाथोडा सैल करावा. टोकांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर तो ओलाव्याने आलेला गंज आहे. सेल नवा असूनही तारीख जाण्याचं ते पुष्कळदा खरं कारण असतं, आणि दुरुस्तीवाला तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करून देतो. मागचं झाकण काढायचा धीर होत नसेल, तर हे सगळं काम त्याच्याकडेच सोपवावं.

काढलेला सेल टेबलावर राहू देऊ नये. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. तशी नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावं. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा.

नवा सेल बसल्यावर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होताना थोडा वेळ घेतो, कधी पडदा काळाच राहतो आणि तो स्वतःच एकदोनदा बंद-चालू होतो. घाबरू नये. सुरू होताना एफ-२, एफ-१० किंवा डिलीट यांपैकी जी कळ आपल्या कंपनीची असेल ती दाबून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, जावं आणि तारीख-वेळ तिथेच लावावी. आधी बदललेलं काही सेटिंग मूळ रूपात गेलं असेल तर तेही इथेच दिसतं. मग विंडोज उघडून सिंक करावं आणि रात्रभराची तीच चाचणी पुन्हा घ्यावी.

नवा सेल, स्वच्छ कनेक्टर आणि तरीही तारीख गेली, तर दोष बोर्डावरच्या घड्याळाच्या सर्किटमध्ये आहे. तो घरी दुरुस्त होत नाही. त्यावर किती खर्च करायचा हे लॅपटॉपच्या वयावर ठरवावं. सात-आठ वर्षं जुना असेल, तर सुरू केल्यावर ब्राउझर उघडण्याआधी तारीख आजची करून मग सिंक करून घेतली तरी त्याच्यावर बाकी सगळी कामं होतात.