मानेची रक्तवाहिनी चोंदली, तर बायपास करावी का?

पक्षाघात झाला की आपल्याकडे 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतात. या वाऱ्याचे मूळ कित्येकदा मानेत असते. मानेची नळी चोंदली आहे असे सांगितले, की नातेवाईक मला हमखास विचारतात, "मग डॉक्टर, हृदयासारखी बायपास करून टाकायची का?"

मानेच्या दोन्ही बाजूंना कॅरोटिड नावाची एकेक मोठी धमनी असते. जबड्याखाली तिला दोन फांद्या फुटतात. एक चेहऱ्याकडे, दुसरी मेंदू व डोळ्याकडे जाते. या फाट्यावरच चरबीचा थर साचतो. विडी-सिगारेट, वाढलेला रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणे. थराचा तुकडा किंवा त्यावरची रक्ताची गुठळी सुटून मेंदूत अडकली, की पक्षाघात होतो.

पूर्वसूचना ओळखा

एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका डोळ्यापुढे अचानक पडदा येणे ही लक्षणे काही वेळा पाच-दहा मिनिटांत नाहीशी होतात. मग 'थकवा असेल' म्हणून रुग्ण घरीच झोपून राहतो. हे धोक्याचे आहे. पुढील काही दिवसांतच मोठा झटका येण्याची भीती सर्वांत जास्त असते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मानेची डॉपलर सोनोग्राफी केली म्हणजे नळी किती अरुंद झाली आहे ते कळते. या तपासणीत सुई टोचावी लागत नाही.

शस्त्रक्रिया कोणती?

नळी उघडून आतील थर काढून टाकणे ही यावरची मुख्य शस्त्रक्रिया. १९९१ साली उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वसूचना मिळालेल्या व नळी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रुग्णांपैकी केवळ औषधे घेणाऱ्या २६ टक्के जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. शस्त्रक्रियेतही पक्षाघाताचा थोडा धोका असतोच. ती शक्यतो दोन आठवड्यांच्या आत व्हावी. काहींना स्टेंट बसवतात.

आता बायपासविषयी. १९६७ साली झुरिचमध्ये डॉ. यासारगिल यांनी कवटीबाहेरील रक्तवाहिनी मेंदूच्या रक्तवाहिनीला जोडली. नळी पूर्ण बंद झालेल्यांना याचा मोठा आधार वाटला. परंतु १९८५ साली १,३७७ रुग्णांच्या अभ्यासात या बायपासने पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासातही तेच आढळले. म्हणून आज ती मोयामोयासारख्या निवडक आजारांतच करतात. नळी पूर्ण बंद असल्यास भर असतो तो औषधांवर.

म्हणजेच, नळी साफ करण्याची संधी ती पूर्ण बंद होण्यापूर्वीच असते.

काय करावे?

लक्षणे दिसताच घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन करून. पैठण, कन्नड, सिल्लोडहून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्यांनी प्रवासाचा वेळही यातच धरावा. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नये. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर ती घातक ठरते. तंबाखू सोडा आणि रक्तदाबाच्या गोळ्या 'आता बरे वाटते' म्हणून बंद करू नका.