बुटीबोरीचा फाटा, कागदाच्या दोन वाटा

नागपूरहून दक्षिणेला निघालेल्या गाडीपुढे बुटीबोरीला रस्ता फुटतो. उजवीकडचा वर्ध्याला जातो. सरळ जाणारा पुढे जांबवरून वळून चंद्रपूर-बल्लारपूर गाठून देतो. एमआयडीसीच्या गजबजाटात इथे कागदाचा विचार कोण करणार? पण विदर्भातल्या कागदाच्या दोन गोष्टी याच दोन वाटांच्या टोकांना घडल्या.

पहिली वर्ध्याची. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेला मगनवाडी नाव पडले आणि चिटणीस झाले जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेला हा माणूस घाणी, गूळ, मधमाश्या यांच्या जोडीला हातकागदाचाही हिशेब मांडू लागला. एके काळी जुन्नरी आणि दौलताबादी कागदाला मान होता; गिरणीच्या स्वस्त कागदापुढे कागदी मंडळींचे हौद कोरडे पडत गेले. ते पुन्हा भरायचे, तर आधी कच्चा माल हवा. चिंध्या, जुने गोणपाट, गवत, जे गावात मिळेल ते. के. बी. जोशींचे कागद बनवण्यावरचे पुस्तक मगनवाडीहूनच निघाले आणि १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली.

मग झाडाची पाने का नकोत? ही शंका जुनीच आहे. जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या याकोब शेफरने १७६५ पासून पुढची काही वर्षे पाने, गवत, बटाटे, एवढेच काय, गांधीलमाशीची घरटी यांचेही कागद करून त्यांचे नमुने पुस्तकात चिकटवले. कागद होतो, हे त्याने दाखवले. तो परवडतो का, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

कारण पान आणि पान यात फरक आहे. पळसाच्या पानाची पत्रावळ छान होते. त्याचा कागद करायला गेले तर हिरवा गर धुऊन जातो आणि हाती येते शिरांची थोडीशी जाळी. पाच पोती पाने शिजवून मूठभर लगदा उरला, तर जळणाचाही खर्च निघत नाही. घायपात किंवा अननसाचे गणित वेगळे. त्यांच्या पानात लांब, चिवट धागे उभे धावतात. आणि केळीचा जो बुंधा दिसतो, तोही खरे तर एकमेकांभोवती गुंडाळलेल्या पानांच्या तळांचाच. म्हणजे घड काढल्यावर जळगावच्या शेतकऱ्याला जो बुंधा हटवावा लागतो, त्याचा कागद हा पानांचाच कागद! फिलिपिन्समधला अबाका केळीचाच भाऊबंद. चहाच्या पिशव्यांचा कागद त्याच्या धाग्यापासून होतो.

कृती सांगायला सोपी. पाने चिरायची, चुन्यात किंवा सोड्यात शिजवायची, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, मग कुटून लगदा करायचा. हौदात तो पातळ केला की साचा बुडवून वर उचलायचा. सगळी कला त्या हिसक्यात. हात जरा तिरका झाला की एक कड जाड आणि दुसरी झिरझिरीत. ओला ताव कापडावर उतरवायचा, दाबाखाली पाणी काढायचे, वाळवायचा. वर खळ दिली नाही तर शाई फुटते. गुळगुळीत दगडाने घोटला की चकाकतो.

एकेक ताव असा निघणार, तर शाळेच्या वहीला तो कसा पुरणार? ते काम दुसऱ्या वाटेने केले. बल्लारपूरची गिरणी १९४५ ची. तिला चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू लागला, आणि जंगलातला बांबू कोणाचा, हा वादही त्याबरोबर वाढला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडले. पर्यायी कागदाच्या उत्साही चर्चेत हा मुद्दा हमखास सुटतो. लगदा पानाचा की बांबूचा, याइतकेच तो कोणाच्या मालकीचा हेही महत्त्वाचे.

हातकागद टिकला तो गिरणीशी शर्यत सोडून. लग्नपत्रिका, फायली, चित्रकारांचे ताव, भेटीच्या पिशव्या हे त्याचे गिऱ्हाईक. जयपूरजवळच्या सांगानेरला हातकागदाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिला नाव दिले कुमारप्पांचे. मगनवाडीत आता महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. बुटीबोरीच्या फाट्यावरून उजवीकडे वळले की साधारण तासाभरात तिचे फाटक येते.