हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर नक्की कोण निवडतं?

घरातलं कुणी हॉस्पिटलमध्ये अ‍ॅडमिट असेल, तर ही गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. बिलाच्या काउंटरवर सगळं कॉम्प्युटरवर असतं, सलाइनची सुईसुद्धा हिशेबातून सुटत नाही. वॉर्डात मात्र कितीतरी ठिकाणी औषधांचा तक्ता अजून पेनानंच भरला जातो. एकाच इमारतीत असं का? याचं उत्तर तंत्रज्ञानात कमी आणि खरेदीच्या निर्णयात जास्त सापडतं.

हा निर्णय सहसा संचालक, ट्रस्टी, वैद्यकीय अधीक्षक आणि हिशेब विभागाचे प्रमुख मिळून घेतात. बिलातली गळती किती थांबेल, कॅशलेसचे क्लेम किती लवकर पास होतील, हे आकड्यांत मांडता येतं. पण सिस्टरची वाचलेली दहा मिनिटं किंवा टळलेलं चुकीचं इंजेक्शन ताळेबंदात दिसत नाही. बॅकअपचं तर विचारूच नका. सगळं सुरळीत असेपर्यंत तो खर्च वायफळच वाटतो. म्हणून बहुतेक ठिकाणी आधी बिलिंग येतं, मग फार्मसी आणि लॅब, मग जमलं तर डॉक्टरांच्या नोंदी आणि सगळ्यात शेवटी सुरक्षा. यात केवळ लोभ आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. दर महिन्याला पगार करायचे असतात, आणि क्लेम अडकले की लहान हॉस्पिटलचा श्वासच अडकतो.

बरं, हेतू रुग्णाच्या भल्याचा असला तरी निर्णय फसू शकतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसला सीडर्स-सायनाय हे नामांकित हॉस्पिटल आहे. डॉक्टरांनी औषधं आणि तपासण्या थेट कॉम्प्युटरवर लिहाव्यात, म्हणजे अक्षर न लागल्यानं होणाऱ्या चुका टळतील, या विचारानं तिथे २००२ साली नवी प्रणाली सुरू झाली. कल्पना उत्तम होती. पण कागदावर काही सेकंदांत होणाऱ्या कामाला पडद्यावर मिनिटं लागू लागली, आणि वर सूचनांचा भडिमार. शेकडो डॉक्टर विरोधात उभे राहिले आणि जानेवारी २००३ मध्ये व्यवस्थापनाला प्रणाली थांबवावी लागली. पुढे काही वर्षांनी त्याच हॉस्पिटलनं दुसरी प्रणाली आणली. म्हणजे कॉम्प्युटर नको होता असं नाही. रोज वापरणाऱ्यांचं काम त्यात नीट बसलं नव्हतं.

दुसरं उदाहरण आपल्याच देशातलं. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये सायबर हल्ला झाला. नोंदणी, बिलं, लॅबचे रिपोर्ट असं सगळं बरेच दिवस हातानं करावं लागलं. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला होता, असं सरकारनं संसदेत सांगितलं. नेटवर्कचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारणही दिलं. सोप्या भाषेत सांगायचं, तर एका खोलीत आग लागली आणि ती अडवायला मधली दारंच नव्हती. अशी दारं बसवायला खर्च येतो, पण ती उद्घाटनाला दाखवता येत नाहीत. त्यामुळे असा खर्च पुढच्या वर्षावर ढकलणं फार सोपं असतं.

आता त्यालाही आकडा मिळाला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटा सांभाळण्यात कुचराई झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हिशेब विभागालाही ही भाषा चटकन समजते!

आपल्या मंडळातल्या अनेक घरांत कुणी डॉक्टर आहे, कुणी एखाद्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या समितीवर, तर कुणी माझ्यासारखा सॉफ्टवेअरमध्ये. अशा खरेदीत तुमचं मत विचारलं गेलं, तर सही होण्याआधी तीन प्रश्न जरूर विचारा.

पहिला, डेमो कुणी चालवला? कंपनीचा माणूस सफाईनं बटणं दाबतो, त्यावरून काही कळत नाही. रात्रपाळीच्या सिस्टरला आणि ओपीडीच्या गर्दीतल्या डॉक्टरांना आठवडाभर वापरायला द्या आणि घड्याळ लावून बघा.

दुसरा, रात्री दोन वाजता सिस्टम बंद पडली तर काय? कागदी फॉर्म तयार आहेत का? बॅकअप ‘घेतो’ एवढं उत्तर पुरेसं नाही. त्यातून डेटा परत मिळवून शेवटचं कधी पाहिलं, ते विचारा.

तिसरा, उद्या ही कंपनी सोडली तर रुग्णांच्या नोंदी कशा बाहेर पडणार? २०२१ पासून देशभर सुरू असलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ आकडी ‘आभा’ क्रमांक मिळतो आणि रुग्णाच्या संमतीनं नोंदी एका हॉस्पिटलमधून दुसऱ्याला देता येतात. नवं सॉफ्टवेअर याला जोडता येतं का, हे करारातच लिहून घ्या.

आणि समितीवर नसाल, फक्त रुग्णाचे नातेवाईक असाल, तरी डिस्चार्जच्या दिवशी बिलाबरोबर सगळे रिपोर्ट आणि औषधांची यादी मागून घ्या. आईबाबांची जुनी फाइल पुढच्या डॉक्टरांना कधी लागेल, सांगता येत नाही.