विश्लेषण : ‘नैना’च्या ४०-६० सूत्राला पनवेलच्या शेतकऱ्यांचा विरोध का?

नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पण या विमानतळाच्या नावाने पनवेल तालुक्यातील गावांवर आखलेल्या ‘नैना’ प्रकल्पाचा वाद त्याआधीच्या दशकभरापासून सुरू आहे. जमीन संपादित होत नाही, सातबारावरचे नावही जात नाही. तरीही शेतकरी ‘नैना नको’ म्हणत रस्त्यावर का उतरले?

‘नैना’ म्हणजे काय?

‘नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्र’ या नावाचे इंग्रजी लघुरूप म्हणजे ‘नैना’. विमानतळाभोवती बेशिस्त बांधकामे वाढू नयेत म्हणून राज्य सरकारने जानेवारी २०१३ मध्ये हे क्षेत्र अधिसूचित केले आणि सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमले. सुरुवातीला त्यात रायगड आणि ठाणे जिल्ह्यांतील २७० गावे होती. पुढे काही गावे अन्य यंत्रणांकडे गेली. पनवेल तालुक्यातील २३ गावांच्या अंतरिम विकास आराखड्याला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली आणि तेथे नगररचना परियोजना हाती घेण्यात आल्या.

नगररचना परियोजना कशी चालते?

एका परिसरातील सर्व जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात. त्यातून रस्ते, उद्याने, शाळा, दुर्बल घटकांची घरे यांसाठी जागा काढून उरलेल्या जमिनीचे नव्याने भूखंड पाडून ते मूळ मालकांना दिले जातात. त्याला अंतिम भूखंड म्हणतात. तो मूळ जागीच मिळेल, असे नाही. ही पद्धत नवी नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली मुंबईच्या उपनगरांचे काही भाग असेच आखले गेले. गुजरातमध्ये ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

४०-६० चे गणित काय?

सुरुवातीची योजना ऐच्छिक होती. मोठे सलग क्षेत्र एकत्र आणणाऱ्यांनी ४० टक्के जमीन सिडकोला द्यायची, ६० टक्के स्वतःकडे ठेवायची आणि तिच्यावर १.७ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय) वापरायचा. नगररचना परियोजनांत हे प्रमाण उलटले. मालकाला ४० टक्के जमीन आणि २.५ एफएसआय मिळतो. म्हणजे एक एकराच्या, ४० गुंठ्यांच्या मालकाकडे आधी २४ गुंठे राहिले असते. आता १६ राहतात. बांधकामाचा हक्क मात्र दोन्हीकडे सुमारे ४० गुंठ्यांइतकाच. त्यामुळे मालकाचे नुकसान नाही, उलट विकसित भूखंडाची किंमत वाढते, अशी ही मांडणी आहे.

मग शेतकऱ्यांचा आक्षेप कशाला?

एफएसआय वापरायला भांडवल लागते. पाच गुंठ्यांच्या खातेदाराला ४० टक्क्यांनी दोन गुंठे, म्हणजे जेमतेम २,१७८ चौरस फूट जमीन मिळते. तीत दोन-तीन भावांचे हिस्से असतात. भोवतीची सामासिक अंतरे सोडल्यावर पूर्ण एफएसआय बसवणे कठीण. बसला तरी इमारत उभारायला पैसा नाही. शेवटी भूखंड विकासकाकडे जाण्याची शक्यता अधिक. योजनेच्या खर्चापोटी मालकांकडून घेतल्या जाणाऱ्या अंशदानालाही विरोध आहे. गावठाणाबाहेर गरजेपोटी बांधलेल्या घरांचे काय, ही धास्ती वेगळीच. शिवाय डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी आलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतून ‘नैना’ वगळण्यात आले. ती येथेही लागू करावी, अशी मागणी होत आली आहे.

जुन्या अनुभवाचा संबंध काय?

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोच्या नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्याविरोधात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार झाला. पाच जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. विमानतळग्रस्तांच्या वाट्याला पुढे साडेबावीस टक्के आले. त्या तुलनेत ४० टक्के हा आकडा मोठा दिसतो. पण साडेबारा टक्क्यांच्या धोरणात जमिनीचा रोख मोबदलाही होता. येथे भूसंपादन नसल्याने २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील भरपाई व पुनर्वसनाच्या तरतुदी थेट लागू होत नाहीत.

नियोजन नकोच, असे आहे का?

नाही. आराखड्याविना वाढलेल्या वस्त्यांत अरुंद रस्ते, टँकरचे पाणी आणि सांडपाण्याची दुर्दशा असते, हे पनवेलकरांना सांगावे लागत नाही. रस्त्यासाठी कुणाची तरी जमीन जाणारच. ती सर्वांच्या वाट्यातून थोडी थोडी जावी, हे या पद्धतीमागचे तत्त्व न्याय्य आहे. वाद आहे तो प्रमाणाचा आणि निर्णय कोणी घ्यायचा याचा. पुण्याजवळ मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी स्वतः कंपनी काढून सुमारे ४०० एकरांवर नगर वसवले आणि मालकीतला वाटा राखला. ‘नैना’त मात्र योजना जाहीर झाल्यावर प्रत्येक मालकाची संमती कायद्याने आवश्यक नसते. हरकती, सुनावणी आणि लवादापुढे म्हणणे मांडणे, एवढाच मार्ग उरतो.

पुढे काय?

हा प्रश्न २३ गावांपुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्नाळा-साई-चिरनेर या नवनगरासाठी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांत एमएमआरडीएला प्राधिकरण नेमण्यात आले. ‘नैना’त लहान खातेदाराच्या हाती प्रत्यक्षात काय पडते, याकडे या गावांचेही लक्ष राहील. दोन-पाच गुंठ्यांच्या मालकांना एकत्र येऊन भूखंड विकसित करता येईल अशी सोय, अंशदानात सवलत आणि राहत्या घरांची हमी, या तीन गोष्टींवर सरकार काय ठरवते, यावर पुढच्या योजनांची वाट सोपी की अवघड हे अवलंबून असेल.