रुग्णालयाच्या दाराबाहेरचे पुनर्वसन

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी परतला, की उपचार संपले असे आपली व्यवस्था मानते. वस्तुतः हातापायांत बळ परतण्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो आणि त्यातील बहुतेक काळ रुग्ण घरीच असतो. तेथे जाणारा फिजिओथेरपिस्ट केवळ व्यायाम करवून घेत नाही. खाटेची उंची, न्हाणीघराचा उंबरठा पाहतो आणि रुग्णाला कसे उठवावे, हे घरच्यांना शिकवतो.

२०१८च्या आयुष्मान भारत विमा योजनेत कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. २०२४ मध्ये ती सत्तरी गाठलेल्या सर्वांसाठी खुली झाली. मात्र तिचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. २०२१च्या कायद्याने फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी या व्यवसायांना वैधानिक चौकट दिली. गृहभेटीचे शुल्क कोणी भरावे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. परिणामी घरातील पैसा संपतो, तेथेच उपचार थांबतात.

केरळने २००८ मध्ये उपशामक सेवेचे धोरण स्वीकारले आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठवण्यात ग्रामपंचायतींना सहभागी केले. तीच वाट पुनर्वसनासाठीही खुली आहे. विम्यात ठरावीक गृहभेटींचा समावेश झाला, तरच रुग्णालयातील उपचारांवर केलेला खर्च सार्थकी लागेल.