पाळी आली नाही, मग दिवस कसे गेले?

'बाळ अंगावर पितंय, पाळीही आलेली नाही, मग आत्ताच कशाला तांबी?' बाळंतिणींच्या तोंडून आपण हे नेहमी ऐकतो. याला अडाणीपणा म्हणून चालणार नाही, कारण त्यात बरेच तथ्य आहे.

बाळ चोखू लागले की त्या स्पर्शाचे संदेश मज्जातंतूंमार्फत आईच्या मेंदूतील हायपोथॅलॅमसकडे जातात. एरवी हा भाग ठरावीक अंतराने संप्रेरक सोडून पियुषिका ग्रंथीला चालना देतो व त्यातून पुढे बीजकोशात बीज पक्व होते. चोखण्याने ही चालना मंदावते. मात्र सारे अवलंबून असते बाळ किती वेळा पिते यावर! वरचे दूध किंवा पेज सुरू झाली, रात्रीचे पाजणे सुटले, की हा अडसर सैल होतो. म्हणूनच 1988 साली इटलीतील बेलाजिओ येथे जमलेल्या तज्ज्ञांनी तीन अटी सांगितल्या: बाळ सहा महिन्यांच्या आतले, जवळजवळ पूर्णपणे अंगावर पिणारे, आणि आईची पाळी न आलेली. तिन्ही एकाच वेळी पाळल्या, तर सुमारे 98 टक्के संरक्षण मिळते. एक सुटली की दुसरे साधन हवे.

फसगत होते ती इथे. पाठ्यपुस्तकातले चक्र पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे आपल्या मनात पाळी आधी, बीज नंतर असा क्रम बसतो. पण बाळंतपणानंतर बीज आधी सुटू शकते आणि पाळी त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येते. त्या बीजाचे फलन झाले तर पाळी येतच नाही! बाई समजते, पाजतेय म्हणून आली नाही. पोट दिसू लागते तेव्हा मांडीवरचे मूल जेमतेम रांगत असते. पुन्हा दिवस जाण्यापूर्वी निदान 24 महिने जावेत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मग कागदावरच राहतो.

तांबी प्रसूतीनंतर 48 तासांत, नाही तर सहा आठवड्यांनी बसवता येते. ती 'काळजापर्यंत चढते' ही भीती मात्र निराधार. गर्भाशयातून तिकडे वाटच नाही. दुधावर तिचा परिणाम होत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'छाया' ही गोळीही पाजणाऱ्या आईला चालते. इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्या मात्र पहिले सहा महिने टाळतात. निरोध तर केव्हाही वापरता येतो, फक्त तो नवऱ्याने मनावर घ्यावा लागतो.

हे सारे बाळंतिणीला घरी सोडताना घाईने सांगितले जाते. आमच्या मते ते सातव्या-आठव्या महिन्यातच सांगावे, आणि नवरा व सासूबाई समोर असताना. कारण तांबीला होकार-नकार पुष्कळदा त्यांच्याकडूनच येतो.